उमेदवारी : जन्माने मिळणारा हुन्नर आणि लेखाने मिळणारा हुन्नर

छत्रपती संभाजीनगर शहरातील क्रांती चौकास हे नाव १८५७ सालच्या उठावाच्या स्मरणार्थ मिळाले. त्या वर्षी छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उसळला, आणि पकडलेल्या शिपायांस येथील काळा चबुतरा नामक जागी देहान्त शासन झाले, असे शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. इतिहासाचा हा भाग शाळकरी मुलांसही ठाऊक असतो. परंतु त्याच चौकातून रोज सकाळी जो दुसरा इतिहास ये-जा करतो, त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पूर्वेस जालना रस्त्याने चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे, पश्चिमेस छावणी ओलांडून वाळूजकडे, उस्मानपुऱ्याच्या अंगाने रेल्वे स्टेशनकडे, अशी माणसे येथून पांगतात. आणि त्यांत मिसरूडही न फुटलेली कितीतरी मुले असतात. कोणाच्या खिशात प्रशिक्षण संस्थेचे ओळखपत्र असते, कोणाच्या खिशात काहीच नसते. दोघेही कारखान्याच्याच दाराशी जाणार, दोघांचेही हात सायंकाळी तेलाने काळे होणार; तथापि दहा वर्षांनी एक कारागीर झालेला असतो आणि दुसरा होता तेथेच असतो. हे अंतर कशाने पडते, आणि ते मिटविण्याचे प्रयत्न जगात व आपल्या महाराष्ट्रात कसकसे झाले, हे जुबिलीच्या ह्या पुस्तिकेत सांगावे असे आम्हांस वाटले.

आपल्याकडे हुन्नर पूर्वी शाळेत मिळत नसे, तो पाळण्यात मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा मुलगा लोहार, कुंभाराचा मुलगा कुंभार. बापाच्या मांडीशी बसून पोर वाकस धरावयास शिके, आणि मिसरूड फुटेपर्यंत त्याचा हात बसलेला असे. ह्या पद्धतीचे गुण आम्ही नाकारीत नाही. शिकविणारा बापच असल्यामुळे विद्या चोरून ठेवण्याचे कारण नव्हते, आणि काम संपले म्हणून गुरूने शिष्यास हाकलून देण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ज्याचा बाप सुतार नव्हता त्याने काय करावे? मराठवाड्यातील आमच्या पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे होते. गावकीची कामे त्यांच्या वाट्यास पिढीजात होती, पण वाकस, भाता, ऐरण ह्यांस हात लावण्याचा अधिकार त्यांस नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू वैजापूर व गंगापूरच्या बाजूस खेड्यापाड्यांत फिरू लागले, तेव्हा त्यांस भेटलेल्या माणसांजवळ कष्टाळू हात होते. त्या हातांस हुन्नर मात्र कोणी येऊ दिला नव्हता.

शहरातही गोष्ट निराळी नव्हती. औरंगाबादचा हिमरू एके काळी दूरवर नावाजलेला होता. सुती ताणा आणि रेशमी बाणा घालून विणलेले हे वस्त्र दौलताबादेस तुघलकाने राजधानी आणली त्या काळापासूनचे, म्हणजे चौदाव्या शतकापासूनचे, असे कारागीर मानतात. जुन्या मागावर विणकराखेरीज आणखी एक जीव लागत असे. मागाच्या वर एक पोर बसे आणि नक्षीप्रमाणे जाळ्याच्या दोऱ्या ओढून धरी. खाली उस्ताद धोटा फेकी. एका दोरीची चूक झाली की फूल बिघडे. त्या पोराची स्मरणशक्ती काय असेल ह्याची कल्पनाच करावी! पण तो उस्तादाच्या घरचा असला तरच एक दिवस खाली उतरून मागावर बसणार. परका असला तर दोऱ्याच ओढीत मोठा होणार. दौलताबादेजवळ कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची कलाही अशीच घराण्याच्या भिंतीआड वाढली. घराणे आटले की कला आटली. आज हिमरूचे हातमाग हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच उरले आहेत, ह्याचे एक कारण यंत्राची स्पर्धा हे खरेच. परंतु बाहेरच्या मुलास आत घेण्याची वाटच नव्हती, हेही दुसरे कारण आम्ही त्याच्या जोडीस ठेवू.

युरोपात ही वाट होती. परक्याच्या मुलास उस्तादाच्या हाताखाली ठेवून धंदा शिकविण्याची चाल तेथे शतकानुशतके चालत आलेली होती. आपल्या मराठीत ह्यास ‘उमेदवारी’ म्हणतात; शब्दातच उमेद आहे. पण एकोणिसाव्या शतकात गिरण्या व कारखाने वाढले, कारागिरांचे जुने संघ मोडले, आणि उमेदवार म्हणजे फुकटचा हरकाम्या अशी अवस्था आली. इटलीतील तुरिन शहरी त्या वेळी खेड्यांतून आलेली शेकडो मुले विटा वाहत, धुराडी झाडीत, मालकाच्या घरी पाणी भरीत व मार खात. चौदा-पंधरा वर्षांची अशी मुले तुरुंगात पाहून एका तरुण धर्मगुरूचे मन द्रवले. त्यांचे नाव जॉन बॉस्को. १८१५ साली शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. शिकता शिकता त्यांनी शिंप्याकडे सुई धरली होती आणि लोहाराकडे हातोडा. त्यामुळे मुलाच्या दुःखाचे नेमके ठिकाण त्यांस ठाऊक होते.

त्यांनी जे केले ते वरवर अगदी साधे दिसते. त्यांनी मालकास कागदावर सही करावयास लावले. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी सरकारी मुद्रांकाच्या कागदावर झालेला एक करार आजही जपून ठेवलेला आहे. एका बाजूस जुझेप्पे बेर्तोलिनो नावाचा सुतार, दुसऱ्या बाजूस जुझेप्पे ओडास्सो नावाचा मुलगा. मुदत दोन वर्षांची. मालकाने मुलास सुतारकाम शिकवावे. त्यास त्याच धंद्यातील काम द्यावे, इतर कामांस जुंपू नये. अंगाबाहेरचे ओझे लादू नये. चुकले तर शब्दाने समजवावे, हात उगारू नये. रविवार व सण पूर्ण मोकळे सोडावेत. वर्षाकाठी पंधरा दिवसांची रजा द्यावी. पहिले सहा महिने रोज ३० सेंटेसिमो, पुढील सहा महिने ४०, आणि दुसऱ्या वर्षी ६०, अशी चढती मजुरीही लिहिलेली आहे. उलट मुलानेही आज्ञाधारक व कामसू राहावे असे बंधन आहे, आणि त्याच्या वर्तनाबद्दल बाप जामीन राहिला आहे.

ह्या कराराचे महत्त्व आम्ही थोडे थांबून सांगू इच्छितो, कारण डॉन बॉस्को म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खेळाचे मैदान व शाळेची इमारत उभी राहते. हा मुद्रांकाचा कागद उभा राहत नाही. मुलावर दया करणारे त्या काळीही पुष्कळ होते. दया करणारा पोटास अन्न देतो. पण अमुक तारखेपर्यंत अमुक विद्या ह्या मुलास मिळाली नाही तर तुम्ही जबाबदार, असे मालकास लेखी सांगणारा विरळा. चढत्या मजुरीची कल्पनाही लक्षात घ्यावी. मूल शिकत चालले की त्याच्या कामाचे मोल वाढते, आणि ते वाढलेले मोल सगळेच मालकाच्या गल्ल्यात जाऊ नये, हा साधा न्याय तीत आहे. पुढे बाहेरच्या दुकानांतून मुलांस मिळणारी वागणूक व संगत पाहून डॉन बॉस्कोंनी स्वतःचेच कारखाने काढले : १८५३ साली चांभारकाम व शिवणकाम, १८५४ साली पुस्तकबांधणी, १८५६ साली सुतारकाम, आणि त्यानंतर छापखाना व लोहारकाम. १८८८ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे सालेशियन बंधू दूरदूरच्या देशांत पोहोचले होते. १९०६ साली ते हिंदुस्थानात तंजावर येथे आले.

आपल्या देशात कायदा आधी आला आणि माणसे मागाहून. १८५० साली कंपनी सरकारने उमेदवारीचा एक कायदा केला. अनाथ व धर्मादायावर वाढलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलांस सात वर्षांपर्यंतच्या कराराने एखाद्या धंद्यात घालता यावे, एवढाच त्याचा हेतू. गरिबाचे पोर बापाच्या जातीबाहेरचा धंदा कायदेशीर करारावर शिकू शकते, ही गोष्ट ह्या कायद्याने प्रथमच कागदावर आली. परंतु खेड्यातील आईबापांपर्यंत ती गेली नाही.

मुंबईत १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त करून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरण्यांस जाणते यंत्रकार हवे होते, म्हणून ती निघाली; आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. जुबिलीच्या निमित्ताने दिव्यांची आरास करणे सोपे, शाळा काढणे अवघड. मुंबईकरांनी त्या वर्षी हे अवघड काम करून दाखविले, हे आम्ही आमच्या उत्सव समितीच्या नजरेस सहज आणून देतो.

आपल्या शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनने सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालविली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे डेव्हिड चर्चिल नावाचे एक अमेरिकन यंत्रज्ञ आले आणि हातमागात सुधारणा करण्यात त्यांनी आयुष्याची वर्षे घालविली. ती मंडळी आपल्या पंथाची नव्हेत. पण दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांस केवळ भाकरी देऊन भागत नाही, हे त्यांस उमगले होते. त्याहून मोठे उदाहरण दौंडजवळील केडगावचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन भीषण दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली व स्त्रिया आणून ठेवल्या, आणि त्यांस विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, एवढेच नव्हे तर छापखान्याचे कामही शिकविले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, छापून पुरे झाले. त्याचे खिळे जुळविणारे हात ह्याच स्त्रियांचे होते. ज्या समाजात विधवेच्या हातास मंगल कार्यात स्थान नव्हते, तेथे तिच्या हातांनी शास्त्र छापले गेले. विद्या हाताची असो की पुस्तकाची, ती एकमेकींची वैरीण नाही, हे सिद्ध करण्यास याहून निराळा पुरावा आम्ही शोधणार नाही.

आणि येथेच एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. गरिबांच्या मुलांनी धंदा शिकावा आणि श्रीमंतांच्या मुलांनी महाविद्यालयात जावे, असा तर हा उपदेश नव्हे ना? हा आक्षेप हलका नाही. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या ‘तुम्ही हातानेच काम करा’ असे सांगण्यात आले, त्यांनी हातकामाच्या शाळेकडे संशयाने पाहिले तर दोष कोणाचा? ह्याच शहरात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे मिलिंद हे नाव पावलेले महाविद्यालय उघडले, ते मराठवाड्यातील दलितांस उच्च विद्येचे दार मोकळे व्हावे म्हणून. पण ह्याच पुरुषाच्या चरित्रातील दुसरे पान फार थोड्यांस माहीत असते. १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि युद्धकाळातील तांत्रिक शिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. युद्ध संपताना, १९४५ साली, सुटून येणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी व रोजगारासाठी त्याच खात्यात जे संचालनालय स्थापन झाले, त्यातूनच १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना निघाली. गावोगावी आज ज्यांस आपण आयटीआय म्हणतो त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था ह्या योजनेच्या. अर्थात महाविद्यालय आणि आयटीआय ह्यांत बाबासाहेबांस विरोध दिसला नाही. आपण तो का पाहावा?

ह्या संस्थांच्या अभ्यासक्रमांची शासकीय मराठी नावे एकदा वाचून पाहावीत. फिटरास जोडारी म्हणतात, वेल्डरास संधाता, इलेक्ट्रिशियनास वीजतंत्री, आणि टर्नरास कातारी. कारखान्यात ही नावे कोणी उच्चारीत नाही, आणि जोडारी म्हटले तर फोरमनही चटकन समजणार नाही, ते असो. पण ‘कातारी’ हा शब्द आम्हांस थांबवितो. लाकूड कातणाऱ्यांच्या एका जातीचे ते जुने नाव. आज ते अभ्यासक्रमाचे नाव आहे, आणि चौदा वर्षे पूर्ण झालेल्या व आवश्यक इयत्ता उत्तीर्ण झालेल्या कोणत्याही मुलास वा मुलीस, ती कोणत्याही घरची असो, त्या नावापुढे आपला अर्ज भरता येतो. जातीचे नाव प्रमाणपत्रावर येऊन विद्येचे नाव झाले. मराठवाड्याच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे.

औरंगाबादेस यंत्रे तशी जुनीच. १८८९ साली येथे कापडाची गिरणी निघाली, १९०० साली मनमाड-हैदराबाद रेल्वे आली. पण निजामाच्या राज्यात ह्या भागास उद्योगाचा वारा फारसा लागला नाही. १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मराठी मुलखास जोडला गेला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मग स्टेशनजवळ, चिकलठाण्यास, पुढे वाळूजला कारखाने उभे राहिले. १९८५ साली वाळूजला बजाजचा दुचाकीचा कारखाना सुरू झाल्यावर त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या शेकडो वर्कशॉपांची वस्ती वाढली. जर्मनीच्या साहाय्याने उभे राहिलेले इंडो-जर्मन टूल रूम चिकलठाण्यास आहे. साचे व हत्यारे बनविण्याची सूक्ष्म विद्या तेथे तरुणांस मिळते. जर्मनीत मुलाने आठवड्याचे काही दिवस कारखान्यात व काही दिवस शाळेत काढावेत अशी जोडपद्धत फार जुनी. १९६९ साली तेथे ती कायद्याने सर्वत्र एकसारखी करण्यात आली.

आपल्या देशात १८५० चा तो जुना कायदा रद्द करून १९६१ साली नवा शिकाऊ उमेदवार कायदा करण्यात आला. त्यातील कलमे वाचताना आम्हांस राहून राहून तुरिनच्या त्या कागदाची आठवण झाली. उमेदवाराचे वय निदान चौदा असावे, आणि धोक्याच्या उद्योगात अठरा. लेखी करार व्हावा व त्याची सरकारी नोंद व्हावी. मुलगा अज्ञान असेल तर पालकाची सही घ्यावी. मालकाने ठरलेला धंदा शिकविलाच पाहिजे. दरमहा विद्यावेतन दिले पाहिजे. परवानगीवाचून जादा वेळ राबवू नये. कामावर इजा झाली तर भरपाई द्यावी. शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र. मारझोडीचा उल्लेख नव्या कायद्यात नाही. त्या काळच्या कायदेकारांस तो अनावश्यक वाटला असावा. आम्हांस वाटत नाही.

आता चौकातील त्या दोन मुलांकडे वळू. दहावीत नापास झालेला, किंवा घरी ऊसतोडीच्या उचलीचे कर्ज असल्यामुळे शाळा सुटलेला मुलगा ठेकेदाराच्या हाताखाली ‘हेल्पर’ म्हणून लागतो. पहिल्या महिन्यात त्याच्या हाती आयटीआयतील मुलापेक्षा अधिक पैसे येतात, आणि येथेच आईबाप फसतात. माल उचल, फरशी झाड, चहा आण, गाडी भर. हिमरूच्या मागावर दोऱ्या ओढणाऱ्या परक्या पोराचीच ही नवी आवृत्ती. यंत्र शेजारी असते, पण ते त्यास कोणी लावू देत नाही. मंदी आली की पहिला तोच घरी जातो, आणि दुसऱ्या दारी गेला की पुन्हा हेल्पर. उलट, दोन वर्षे मायक्रोमीटर व नकाशा वाचावयास शिकलेला मुलगा एका कारखान्यातून निघाला तरी त्याची विद्या त्याच्याबरोबर निघते. तो पुढे पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मागू शकतो, गावी परतून स्वतःचे वेल्डिंगचे दुकान टाकू शकतो, मोटार दुरुस्त करू शकतो. शिवाय पंधरा ते अठरा हे वय असे की हातास निश्चित काम व डोक्यास निश्चित माप मिळाले नाही तर मूल चौकातच उभे राहते; कोणाच्या संगतीत, ते आम्ही सांगावयास नको.

ह्या मार्गात खळगे नाहीत असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी प्रशिक्षणाची यंत्रे इतकी जुनी असतात की मुलगा कारखान्यात गेल्यावर त्यास नवी संगणकनियंत्रित यंत्रे पाहून बावरावयास होते. काही मालक उमेदवारास स्वस्त मजूर समजतात, वर्ष भरले की निरोप देतात आणि दुसरा आणतात. उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन कायद्यातही नाही. मुलींची संख्या अनेक धंद्यांत अजून तुरळक आहे. केडगावच्या मुलींनी शंभर वर्षांपूर्वी छापखाना चालविला, तरी आज मुलीने वीजतंत्रीचा अर्ज भरला की घरात प्रश्न निघतो की हिला खांबावर चढविणार काय. वीजतंत्री खांबावरच चढतो असे नाही. कारखान्याच्या पॅनेलसमोरही तो काम करतो, आणि तेथे बळापेक्षा अवधान अधिक लागते.

प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास निघतात व ते संगणकावरूनच भरावे लागतात. वैजापूर-गंगापूरकडील नातलगांच्या मुलांस हे वेळेवर कळविण्याचे काम शहरातील आपल्या कुटुंबांनी अंगावर घ्यावे. आणि मुलगा उमेदवारीचा करार घेऊन घरी आला, तर त्यातील धंद्याचे नाव, मुदत, विद्यावेतनाची रक्कम आणि नोंदणीचा क्रमांक एवढे तरी मोठ्याने वाचून घ्यावे. मुलगा अठराच्या आतला असेल तर खाली पालकाच्या सहीची जागा असते. तुरिनच्या कागदावर त्या जागी ओडास्सोच्या बापाची सही आहे.